हालवरची पोल्स्का

गुद्रून नोरेलला व्हायोलिनचा आवाज सहन होत नाही, असं आम्ही सगळे एकतीस वर्षं समजत होतो. शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी एकत्र काम करायचो. चारशे पोरांचं जेवण, बटाट्यांच्या गोणी, गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि त्यावर पॅनकेक. खिडकीत एक रेडिओ असायचा. त्यावर आमच्या भागातलं जुनं व्हायोलिन लागलं की गुद्रून हातातलं काम टाकून यायची आणि ओल्या हातानंच बटण खटकन बंद करायची. "डोकं उठतं," एवढंच म्हणायची. मीही कधी खोदून विचारलं नाही. कुणाला दालचिनी आवडत नाही, कुणाला व्हायोलिन.

तसं ते विचित्रच होतं म्हणा. तिचे आजोबा हालवर नोरेल हे आमच्या आख्ख्या हेल्सिंगलँड प्रांतात नावाजलेले वादक. त्यांच्या नावाची पोल्स्का, म्हणजे तीन ठेक्यांची नाचाची चाल, स्टॉकहोमपर्यंतचे लोक वाजवतात. आमच्याकडे चाल ज्याच्याकडून मिळाली त्याचं नाव तिला लागतं. तर आजोबांचं नाव एवढं मोठं, आणि नात जुलैतल्या वादकांच्या मेळ्याला एकदाही फिरकलेली नाही. विचारलं की म्हणायची, "डास असतात."

यंदा तिला नेलं ते रूनेनं. रूने आमच्या दोघींचा मित्र. आयुष्यभर बस चालवली, बायको गेल्यावर साठी उलटून व्हायोलिन शिकायला लागला. त्याच्या वादनाबद्दल एवढंच सांगते, की त्याचा कुत्रा आता बाहेर झोपतो. पण सत्तराव्या वर्षी गावच्या वादक मंडळानं त्याला मेळ्याच्या मंचावर उभं करायचं ठरवलं, आणि आम्ही दोघी माझ्याकडे कॉफी घेत असताना रूने टोपी हातात घेऊन दारात आला.

"गुद्रून, चार मिनिटं वाजवणार आहे मी. हवं तर चार मिनिटं कानात बोटं घाल, पण ये."

"डास असतात."

"डासांचं औषध मी आणतो."

ती बराच वेळ टेबलावरच्या चुऱ्याची रास करत बसली. मग म्हणाली, "कुठल्या चाली वाजवणार?"

"एक मार्च आणि एक वॉल्ट्झ."

"आणखी काही नाही ना?"

"अगं, मला येतातच दोन!"

तेव्हा ती हो म्हणाली. मला वाटलं, झाली एकदाची तयार. ती नेमकं काय तपासत होती हे मला कळलं असतं तर मी तिला नेलंच नसतं.

मेळा लिलबूला असतो, नदीकाठच्या जुन्या लाकडी घरांच्या अंगणात. आम्ही कापलेल्या गवतात गाडी लावली, घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचा थर्मास काढला. बर्चच्या झाडांखाली चार-चार, पाच-पाच जणांची टोळकी वाजवत उभी होती. एका टोळक्याची चाल संपायच्या आत दुसऱ्याची कानात शिरायची. पिवळ्या-लाल पट्ट्यांचे एप्रन घातलेल्या बायका वॉफलच्या रांगेत. गुद्रूनच्या अंगाला डासांच्या औषधाचा डांबरासारखा वास येत होता आणि ती चक्क हसत होती. "बरं असतं की इथं," म्हणाली.

बाराला सगळ्यांनी मिळून वाजवायचं असतं. दोनशेएक व्हायोलिनं मंचासमोर गोळा झाली. मागच्या रांगेत रूनेही घुसला. ज्या चाली येत नाहीत त्या तो नुसता गज हलवून वाजवतो. मंचावर तूवा नावाची एक तरुण वादक होती, ती दरवर्षी सगळ्यांना पुढून ताल देते. तिनं व्हायोलिन खांद्याला लावलं आणि ओरडून सांगितलं, "सगळ्यांना येते ती घेऊ या! लिलबूच्या हालवर नोरेलची पोल्स्का!"

मी तेव्हा कॉफी ओतत होते. मला इतका आनंद झाला! "अगं, तुझे आजोबा!" मी कप तिच्या हातात देत म्हटलं.

मी तिच्या मुस्काटात मारावी तशी तिनं माझ्याकडे पाहिलं. कप गवतावर ठेवला, तो कलंडला, आणि ती उठून चालायला लागली. आधी संडासांच्या दिशेनं, मग वळून घरांच्या मागे. मला वाटलं, भरून आलं असेल. मग वाटलं, भरून आलेलं माणूस असं पळत नाही, गांधीलमाशी चावली असेल. थर्मासचं झाकण लावू की मागे जाऊ, यातच माझी दोन मिनिटं गेली.

ती सापडली सरपणाच्या शेडमागे. लाकडं फोडायच्या ओंडक्यावर बसली होती, दोन्ही कानांत बोटं घालून. दोनशे व्हायोलिनं फळ्यांच्या फटीतून जशीच्या तशी ऐकू येत होती.

"बरं वाटत नाहीये का?"

"संपलं?"

"काय?"

"ते."

"तिसरा भाग चाललाय."

तिनं डोळे मिटून घेतले. चाल संपली, टाळ्या झाल्या, तेव्हा तिनं बोटं काढली आणि शेडच्या फळीकडे बघत म्हणाली, "बिर्गित, ती त्यांची नाही."

"काय त्यांचं नाही?"

"ती चाल. आजोबांची नाही. मी रचली. नऊ वर्षांची असताना. चॉकलेटसाठी."

मी खरोखर तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ऊन कडक होतं आणि तिनं टोपी घातली नव्हती.

"हात काढ," ती म्हणाली. "मी शुद्धीवर आहे."

मग तिनं सांगितलं. अर्धं-अर्धं, उलटसुलट. मी इथं सरळ करून सांगते.

सहासष्ट सालचा उन्हाळा. तिची आई तागाच्या गिरणीत कामाला होती, त्यामुळे गुद्रून आठवडाभर आजी-आजोबांकडे असायची. दोन वर्षांपूर्वी हालवरना अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात लुळा पडला, व्हायोलिन भिंतीवर गेलं आणि ते स्वयंपाकघरामागच्या खोलीत पलंगावर. अशात एक दिवस स्टॉकहोमहून एक माणूस गाडी घेऊन आला. गाडीत टेप रेकॉर्डर. तो जुन्या चाली गोळा करत हिंडत होता आणि हालवर नोरेलचं नाव ऐकून आला होता. आजी गोठ्यात होती. आजोबांनी गाडी पाहिली आणि आतून गुद्रूनला म्हणाले, "मी घरी नाही म्हणून सांग," आणि दार लावून घेतलं.

"मी सांगितलं," गुद्रून म्हणाली. "पण तो जाईना. पायरीवर बसला. भला माणूस होता गं, घामानं भिजलेला, एवढ्या लांबून आलेला. मला एक आख्खं चॉकलेट दिलं. मी सगळं खाल्लं. मग तो म्हणाला, तुला येते का आजोबांची एखादी चाल, गाऊन दाखवशील? आता चॉकलेट तर पोटात गेलेलं. परत कसं देणार?"

"मग?"

"मग मी गायले. जे तोंडाला येईल ते. ला-ला-ला करून. तो खूष होऊन गेला. आजोबा आतच होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, एका फळीचं तर अंतर. संध्याकाळभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही कधी विषय काढला नाही, आणि दोन वर्षांत ते गेले."

तेवढ्यात रूने कोपऱ्यावरून आला. हातात व्हायोलिन, चेहरा पडलेला.

"मी पाहिलं तुला उठून जाताना," तो गुद्रूनला म्हणाला. "एक सूर चुकला माझा, कबूल. पण तेवढ्यासाठी—"

"रूने, तुझ्यामुळे नाही," मी म्हटलं. "बस खाली."

गुद्रूननं त्याला सगळं पुन्हा सांगितलं. तो ऐकत राहिला. मग सावकाश म्हणाला, "पण मग हालवरचा अडखळा?"

हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. त्या पोल्स्काच्या तिसऱ्या भागात एक ठोका मधेच अडखळतो, श्वास अडकल्यासारखा, आणि मग चाल पुढे पडते. कुणी म्हणतं हालवर लंगडायचे म्हणून तो आला, कुणी म्हणतं तो ठेका कोळसे पाडणाऱ्या जुन्या लोकांचा आहे. त्या एका ठोक्यावर व्याख्यानं झाली आहेत.

"उचकी होती," गुद्रून म्हणाली.

"उचकी?"

"एवढं चॉकलेट एका दमात खाल्ल्यावर काय होणार?"

रूने गवतावरच बसला. "दोन हिवाळे घातले मी त्या उचकीवर," तो म्हणाला. "आणि तरी मला ती जमली नाही."

मला हसू फुटलं. रूनेलाही. गुद्रून मात्र हसली नाही, म्हणून आम्ही दोघंही कसेबसे थांबलो.

"एकोणऐंशी साली मी ती पहिल्यांदा रेडिओवर ऐकली," ती म्हणाली. "बिर्गित तेव्हा यायची होती स्वयंपाकघरात. हातात डाव होता. निवेदक म्हणाला, लिलबूच्या हालवर नोरेलकडून मिळालेली. मला वाटलं, माझ्या कानांना काहीतरी झालंय. मग दुसऱ्यांदा ऐकली, तिसऱ्यांदा. पुस्तकात छापून आली. सांगायला जावं तर कुणाकडे जायचं? असल्या गोष्टीसाठी ऑफिस असतं का कुठं?"

"पण त्यात एवढं काय?" मी म्हटलं. "चाल छान आहे."

तेव्हा तिनं जे सांगितलं ते मला अजून टोचतं. हालवरना चाळीसएक चाली येत होत्या. झटका येण्याआधी ते रोज संध्याकाळी वाजवायचे आणि ती त्यांच्या पायाशी खेळायची. त्यातली एकही कुणी उतरवून घेतली नाही. "सगळ्या गेल्या," ती म्हणाली. "आणि राहिली कुठली, तर माझी. त्यांच्या खऱ्या चालींतली एखादी आठवायची म्हणून मी किती रात्री डोकं शिणवलंय. पण मनात आठवायला गेलं की तीच येते. तीच, उचकीसकट. माझ्या खोट्यानं त्यांचं खरं खाऊन टाकलं."

मी तिचा हात धरला. रूने उगीच गजाचे केस बोटानं सरळ करत राहिला. मग तोच म्हणाला, "तूवाला सांगू या. चाल तीच शिकवते सगळ्यांना. तिला सांगितलंस की सगळ्यांना सांगितल्यासारखं होईल."

गुद्रून उठली. शाळेत वरच्या साहेबांकडे जाताना करायची तसा तिनं एप्रन नसतानाही पोटावरून हात फिरवून कपडे नीट केले.

तूवा बर्चखालच्या टेबलावर वॉफल खात होती, पिवळ्या रानबेरीचा जॅम बोटांना लागलेला. गुद्रूननं उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं, कबुलीजबाब द्यावा तसं. मला वाटलं, आता ती पोरगी रागावेल किंवा रडेल. तिनं तर टाळीच वाजवली.

"म्हणजे तुमची चाल! नऊ वर्षांच्या मुलीची! अहो, मग तर ती आणखीच भारी झाली!"

"भारी काय त्यात?" गुद्रून म्हणाली. "मी खोटं बोलले."

"सगळ्याच चाली कधीतरी कुणीतरी रचल्या ना?"

"पण त्या कुणी दुसऱ्याच्या नावावर खपवल्या नाहीत!"

"कुणास ठाऊक?" तूवा म्हणाली आणि सरकून जागा केली. "बसा ना. वॉफल घेणार?"

गुद्रून माझ्याकडे बघायला लागली. पंचेचाळीस वर्षं मनात ठेवलेली गोष्ट सांगितली, आणि मिळालं काय, तर वॉफल. तिला बोलणी खायची होती हो. त्याची तिनं तयारी केली होती. ती न मिळाल्यावर हात कुठे ठेवायचे तेच तिला कळेना.

"गाऊन दाखवाल?" तूवानं विचारलं. "जशी तेव्हा गायलात तशी?"

गुद्रून नको-नको म्हणाली आणि मग हळू आवाजात सुरू झाली. मी तिला एकतीस वर्षांत 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' सोडून काही गाताना ऐकलं नव्हतं. आवाज चिरका, पण सूर पक्का. शेजारच्या बाकावर येव्ह्ले गावचा एक दातांचा डॉक्टर व्हायोलिनच्या तारा लावत होता. तो मान हलवत ऐकत होता. तिसऱ्या भागाशी त्याची मान थांबली.

"माफ करा हं," तो म्हणाला. "इथं चुकताय तुम्ही. ती वर नाही जात, खाली उतरते."

"वर जाते," गुद्रून म्हणाली.

"नाही. मी बारा वर्षं वाजवतोय."

"मी रचली आहे!"

डॉक्टरनं नम्रपणे मान झुकवली. "तरी खालीच जाते," तो म्हणाला.

तूवानं खिशातून फोन काढला. "भांडताय कशाला? मूळ रेकॉर्डिंग आहे की. सगळं आता फोनवर मिळतं."

गुद्रूनला हे माहीतच नव्हतं. ती टेप कुठल्यातरी कपाटात आहे, एवढंच ती धरून चालली होती. तिनं नको म्हणायच्या आत तूवानं फोन टेबलावर जॅमच्या वाटीशेजारी ठेवला होता.

आधी खरखर. मग एक कोंबडी. मग एका लहान मुलीचा आवाज, जरा नाकातला, ला-ला करणारा. गुद्रूननं टेबलाची कड धरली. पहिला भाग, दुसरा भाग. तिसऱ्यात खरोखर उचकी होती, आम्ही सगळ्यांनी ऐकली, आणि चाल खाली उतरली. डॉक्टरला बरं वाटलं हे दिसत होतं.

"खाली जाते," गुद्रून पुटपुटली. "मग मी इतकी वर्षं वर का नेतेय? माझीच असती तर मी चुकले असते का?"

"थांबा," रूने म्हणाला. "ते धप-धप काय आहे?"

गाण्यामागे एक आवाज होता. बोथट, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. थोडा वेळ असायचा, मग नसायचा.

"तुमचा पाय असेल ना?" तूवा म्हणाली. "आम्ही कोर्समध्ये तसंच सांगतो. ताल धरलाय पायानं."

"मी पायरीवर बसले होते," गुद्रून म्हणाली. "अनवाणी. खाली माती." तिचा चेहरा उतरला होता. "पुन्हा लाव."

पुन्हा ऐकलं. धप, धप. चालीच्या ठोक्यावर पडतंय असं मला वाटलं. रूने म्हणाला, जरा मागे पडतंय. तिसऱ्यांदा ऐकल्यावर आम्ही दोघांनी आपापलं मत बदललं.

"काठी," गुद्रून म्हणाली. "पलंगाशी काठी असायची त्यांच्या. काही हवं असलं की भिंतीवर आपटायचे." ती आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघत होती. "ताल देत होते की गप्प बस म्हणत होते?"

रूनेनं फोनला कान लावला.

"आणि शेवट ऐका," तूवा म्हणाली. "बहुतेक लोक गाणं संपलं की बंद करतात, पण पुढे थोडं बोलणं आहे."

फोनमधून पुरुषाचा आवाज आला, "वा! ही आजोबांची का?"

"हो," मुलगी म्हणाली. मग जरा थांबून, "पण ते अशी नाही वाजवत."

मग खरखर, आणि संपलं.

"हे मी म्हटलं नाही," गुद्रून म्हणाली.

"तुमचाच आवाज आहे," तूवा हळूच म्हणाली.

"मला आठवत नाही. मी नुसती मान हलवली होती. 'ते अशी नाही वाजवत' म्हणजे काय? म्हणजे ते वाजवायचे? दुसऱ्या तऱ्हेनं? की मी आपली थाप पक्की करत होते?" ती माझ्याकडे वळली. "बिर्गित, नऊ वर्षांची पोर इतकं पुढचं खोटं बोलते?"

मी शाळेत आयुष्य काढलंय. नऊ वर्षांची पोरं काय-काय बोलतात ते मला ठाऊक आहे. पण त्या क्षणी ते सांगावं की नाही ते कळेना, म्हणून मी म्हटलं, "कधी-कधी."

आमच्याभोवती आता सात-आठ जण जमले होते. बातमी झाडांखालून टोळक्या-टोळक्यानं सरकली असणार. गर्दीतून वाट काढत हिल्डिंग आला. एक्क्याण्णव वर्षांचा, मेळ्यातला सगळ्यात म्हातारा वादक. त्यानं एका हातानं वॉकर ढकलला आणि दुसऱ्या हातानं गुद्रूनकडे बोट दाखवलं.

"तू हालवरची नात? तू रचलीस म्हणतेस? काहीतरीच! एक्कावन्न साली माझ्या बहिणीच्या लग्नात हालवरनं वाजवली होती ती. मी स्वतः नाचलोय."

गुद्रून त्याच्यापाशी गेली. "हीच? नक्की हीच?"

"हीच."

"अडखळा होता त्यात?"

हिल्डिंगनं विचार केला. "मी नाचत होतो," तो म्हणाला. "तेव्हा सगळंच अडखळत होतं."

"तिसरा भाग वर जायचा की खाली?"

"आता ते—" म्हाताऱ्यानं हवेत हात फिरवला, वर, मग खाली, मग पुन्हा वर. "लग्न झकास झालं."

त्याला लोकांनी खुर्चीत बसवलं, तेव्हा रूने आमच्या कानाशी लागला. "फार मनावर घेऊ नका. हिल्डिंग प्रत्येक चालीबद्दल हेच सांगतो. त्या बहिणीच्या लग्नात एवढ्या चाली वाजल्या असत्या तर लग्न चार दिवस चाललं असतं."

"पण एखादी तरी वाजली असेलच ना?" गुद्रून म्हणाली.

"असेल."

"मग ही का नाही?"

तेवढ्यात मंचावरून रूनेचं नाव पुकारलं गेलं, दुसऱ्यांदा. तो बोटांना लागलेल्या बेरीच्या जॅमसकट धावत सुटला.

मार्च बरा झाला. वॉल्ट्झमध्ये तो मधेच हरवला, त्याच त्या चार ओळींत तीनदा फिरला आणि शेवटी मंडळातल्या एकानं पाय आपटून त्याला बाहेर काढलं. गुद्रून शेवटपर्यंत बसून होती, हात मांडीवर, कान उघडे. टाळ्या मात्र तिनं जरा उशिरा वाजवल्या. तिचं लक्ष कुठे होतं ते मला माहीत होतं.

नंतर तासभर लोक तिच्याकडे येत राहिले. एक बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाली, एवढी सुंदर चाल दिलीत, आभार. दुसरी म्हणाली, आजोबांचं नाव पुसू नका हो, ती त्यांचीच आहे, ऐकताच कळतं. गुद्रून दोघींनाही हो म्हणाली. एक दाढीवाला गृहस्थ अडखळ्यावर निबंध लिहीत होता म्हणे. तो उचकीबद्दल ऐकून आधी पांढरा पडला आणि मग म्हणाला की याची एक शक्यता त्याच्या मनात होतीच.

निघायच्या वेळी तूवा गाडीपाशी आली. हातात वही.

"आता पुढच्या वर्षी मी काय सांगू? कुणाची म्हणू? हालवरची की तुमची?"

गुद्रून गाडीच्या दाराला टेकून उभी राहिली. सकाळी ती बारीक आणि ताठ दिसत होती. आता तिच्या केसांत बर्चची पानं होती, बाहीवर जॅम होता आणि चेहरा एखाद्या परक्या स्टेशनावर उतरलेल्या माणसासारखा झाला होता.

"सकाळी विचारलं असतंस तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "सकाळी मला पक्कं माहीत होतं."

"मग?"

"मला ते रेकॉर्डिंग फोनवर घालून दे. आणि लिहू नकोस काही. मला आधी ती काठी नीट ऐकायची आहे."

तूवानं तिथंच, गवतात उभं राहून, ते तिच्या फोनवर घालून दिलं.

घरी जाताना रूने गाडी चालवत होता, गुद्रून त्याच्या शेजारी, मी मागे खुर्च्यांबरोबर. वोक्सना नदीवर ऊन तिरकं पडलं होतं.

"तुम्हाला काय वाटतं?" गुद्रूननं विचारलं. "खरं सांगा."

"तुझी," रूने म्हणाला.

"त्यांची," मी म्हटलं. "पायाशी खेळताना कानात पडली असेल."

रूनेनं विचार केला. "तेही असेल. मग त्यांची."

"आता मला वाटतंय, तुझी," मी म्हटलं.

"गाढव आहात दोघं," गुद्रून म्हणाली, पण रागानं नाही. तिनं काच खाली केली आणि बाहेर बघत बसली. पुढच्या वळणावर ती नकळत काहीतरी गुणगुणायला लागली. ती पोल्स्का नव्हती. वेगळीच होती, संथ, मधे एक लांब सूर धरून ठेवणारी. मी ती कधी ऐकली नव्हती.

रूनेनं गाडीचा वेग कमी केला. "हे कुणाचं?"

गुद्रूननं तोंडावर हात ठेवला आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं. डोळे एवढाले झाले होते.

"मला काय माहीत!" ती हाताआडून म्हणाली. "आणि खबरदार, लिहून घेतलंस तर!"